बुद्ध बघायला, बँकॉकला!

घ्या! हसले ना तुम्ही बी? अजून मी काही सांगितलंच नाय, नुसतं 'बँकॉक' म्हणलं की इकडं तोंडाला पदर, तिकडं तोंडाला रुमाल… अन् ते मागचे काका तर शेजारच्याला कोपरानं ढोसून राह्यले! ढोसा, ढोसा. मला सवय झालीय. अहो, माणूस लंडनला गेला तर लोक म्हणत्यात, 'वा, पोरगं शिकलं वाटतं.' दुबईला गेला तर म्हणत्यात, 'वा, चांगलं चाललंय.' अन् बँकॉकला गेला की… 'हं हं हं!' हं हं हं म्हणजे काय? मी काय चोरी केली? अहो, मी बुद्ध बघायला गेलतो, बुद्ध! अन् बायकोला घेऊन! लग्नाच्या बायकोला!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही बी आमच्या मोतीरामसारखे मधलंच धरून बसाल. मी सांडू दाभाडे. राहणार मिलिंदनगर. एस.टी.चा ड्रायव्हर, आता रिटायर. जिंदगी गेली अजिंठ्याच्या रोडवर. कुठले कुठले लोक नेऊन सोडले मी लेण्यांला, जपानचे, कोरियाचे, लंकेचे… ते हात जोडून आत जायचे, अन् मी बाहेर गाडीच्या सावलीत पेपर तोंडावर घेऊन आडवा. जगाला बुद्ध दाखवला या हातांनी, अन् मला कुणी इचारलं नाय, की बाबा रे, तुला कुठं जायचं का?

बरं, मला जायचंच नव्हतं! जायचं होतं भामाबाईला. भामाबाई म्हणजे आमचं कुटुंब. अंगणवाडीत लोकांची लेकरं सांभाळून सांभाळून केस पिकले तिचे. तुम्हाला सांगतो, या बाईनं मला कव्हा काही मागितलं नाय. म्हणजे भांडणात मागायची, 'मला करमाडला नेऊन सोडा' म्हणून, ते माहेर हाये तिचं… पण ते मागणं वेगळं. सोनं म्हणून नाय, साडी म्हणून नाय.

मंग झालं काय, आमच्या विहारातल्या लीलाबाई, त्या गेल्या बँकॉकला, यात्रेसोबत. आल्या ते मोबाईल काढूनच. तिथं एक झोपलेला बुद्ध हाये, महापरिनिर्वाणाच्या मुद्रेतला, सगळा सोनेरी, अन् लांबी एवढी की बाईच्या फोटोत मावंना. एका फोटोत डोकं, एका फोटोत पाय. मी म्हणलं, 'लीलाताई, मधले बुद्ध कुठं गेले?' तर म्हणत्यात, 'मधी खांब येत होते, भाऊ.' सगळ्या बाया हसल्या. भामा हसली नाय. ती त्या पायांचा फोटो बोटांनी मोठा करून करून बघत बसली. तळपायांवर शिंपल्यांची नक्षी, काळ्यावर चांदण्या पडल्यासारखी. घरी आली, चुलीवर चहा… म्हणजे गॅसवर, चहा ठेवला, अन् माझ्याकडं पाठ करून म्हणाली, 'मला ते पाय बघायचेत.'

बस! एवढंच. पण बाईनं जिंदगीत पहिल्यांदा मागितलं, मी काय म्हणणार? मी म्हणलं, 'जाऊ. दोघंच जाऊ, चार दिवस, बघू अन् येऊ.' शब्द दिला. अन् तिथंच माझं स्टेअरिंग सुटलं.

पहिलं सांगितलं मोतीरामला. माझा कंडक्टर. सगळी नोकरी आम्ही एका गाडीत काढली, मी पुढं, तो मागं. म्हणलं, 'मोत्या, बँकॉकला जायचं ठरलंय.' त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् एक डोळा… असा! मी म्हणलं, 'बुद्ध बघायला!' तो म्हणला, 'व्हय व्हय, बुद्धच. घरी काय सांगितलं?' म्हणलं, 'घरी काय सांगायचं? भामा संगं येणार हाये!' तर त्याचं तोंड असं उतरलं, जसं माझ्याच घरी काही वाईट झालं. खांद्यावर हात ठेवला माझ्या. म्हणतो, 'अरारारा… मंग कशाला जातो?'

मी म्हणलं, 'अरे, झोपलेला बुद्ध बघायचा तिला!' म्हणतो, 'झोपलेला बुद्ध अजिंठ्याला हाये की! आपल्याच रूटवर! सकाळी जाऊन दुपारच्याला परत!' आता हे मला बी पटलं, खोटं कशाला बोलू. मी घरी येऊन भामाला म्हणलं, 'भामे, अजिंठ्याला हाये की झोपलेला.' ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाय. म्हणाली, 'तो बघितलाय मी. तो आपला हाये. पण आपल्या इथून निघालेला माणूस एवढ्या लांब चालत पोचला, अन् आपण इमानात बसून बी जाऊ नये का?'

तसाच उठलो, गेलो ट्रॅव्हलवाल्याकडं.

काचेचं ऑफिस, आत एसी, एसीत एक कोवळं पोरगं, टाय लावून. 'या सर, बसा सर, कुठं जायचं सर?' मी म्हणलं, 'बँकॉक.' पोरानं खुर्ची जवळ ओढली, आवाज बारीक केला, 'सर, फॅमिली पॅकेज देऊ का… फ्रेंड्स पॅकेज?' अहो, नातवाएवढं पोरगं! मी म्हणलं, 'बाळा, बुद्ध बघायला जायचंय. बायको संगं हाये.' 'ओके सर, नो प्रॉब्लेम सर.' अन् कागद दिला. त्याच्यात समुद्र, बोटीवरचं जेवण, वाघांची बाग, बाजार, मोठा बाजार, अजून मोठा बाजार… म्हणलं, 'बुद्ध कुठं हाये याच्यात?' त्यानं बोट ठेवलं, 'हे बघा सर, टेंपल, फोटो स्टॉप.' फोटो स्टॉप म्हणजे काय? तर म्हणतो, 'उतरायचं, फोटो काढायचा, बसायचं.' अरे, आमची एस.टी. चहाला याच्यापेक्षा जास्त थांबायची! बाथरूमला जास्त थांबायची! उतरायचं, फोटो, बसायचं, मंग लीलाबाईंसारखं डोकं येईल नाहीतर पाय येतील!

म्हणलं राहू दे, आपलं आपण ठरवू. आमचा अतुल, पोरगं आमचं, शेंद्र्याला कंपनीत हाये, त्याला बसवलं मोबाईल घेऊन. तो हॉटेल शोधायला लागला. एक काढलं, फोटो झकास, गादी अशी पांढरीफेक, मी म्हणलं, 'घे हेच.' तर आमची सून, रूपा, लई गुणाची, ती पाणी द्यायला आली, मोबाईलमधी डोकावली, अन् म्हणाली, 'बाबा… ह्या गल्लीत नको.' म्हणलं, 'काहून?' ती म्हणाली, 'नको म्हणलं ना.' अन् आत पळाली. अतुल खाली बघायला लागला. मी अतुलला म्हणलं, 'काय हाये त्या गल्लीत?' तो म्हणला, 'बाबा, मला काय माहीत?' म्हणलं, 'मंग तिला कसं माहीत?' अन् घरात सगळे एकदम गप! मी कुणाला काही बोललो नाय हो, मी तर बुद्ध बघायला चाललो होतो!

पासपोर्टला पोलीस आले चौकशीला. चांगला माणूस, चहा घेतला. 'कुठं निघाले काका?' मी म्हणलं, 'परदेशात.' 'परदेशात कुठं?' आता पोलिसाला खोटं बोलता येतंय का? म्हणलं, 'बँकॉक.' मिशीखाली हसला! खाकीतला माणूस, ड्यूटीवरचा, हसला! पान घ्यायला गेलो, तर पानवाला सलीम, 'क्या चचा, सुना हाय बँकॉक जा रै? इस उमर में? माशाल्ला!' गुलमंडीला कपडे घ्यायला गेलो, भामा संगं, म्हणलं एक साधी पँट द्या, पांढरा शर्ट द्या, प्रवासाला जायचंय. दुकानदार म्हणला, 'कुठं?' भामा पटकन बोलून गेली. झालं! पांढरे शर्ट गेले मागं, अन् काउंटरवर आला पिवळा शर्ट, त्याच्यावर लाल फुलं, हिरवे पोपट, अन् एक माकड. 'तिकडं हेच चालतंय शेठ!' मी म्हणलं, 'अहो, बुद्ध बघायला…' अन् आमची बाई शर्ट माझ्या छातीला लावून म्हणती कशी, 'चांगला दिसतोय की. घ्या हा.' घेतला! काय करता?

हे इथपर्यंत मी सोसलं. पण बातमीचं कसं असतं, एस.टी.सारखं. निघती एक, अन् गावोगाव थांबत, कोण चढत, कोण उतरत, पोचती तव्हा दुसरीच असती. आमची बातमी निघाली 'सांडू अन् भामा बँकॉकला चालले' म्हणून. करमाडला पोचेस्तोवर मधी कुठंतरी भामा उतरून गेली!

एक दिवस दारात रिक्षा. रिक्षातून भामाची मावशी, गीताबाई. हातात पिशवी, डोळ्याला पदर. उंबऱ्यातच बसली अन् भामाच्या गळ्यात पडून जे रडायला लागली… 'पोरी, तुझ्यात काय कमी होतं गंऽऽ!' मला वाटलं कोण गेलं का काय! म्हणलं, 'मावशी, काय झालं?' तर माझ्याकडं अशी बघितली, अशी बघितली… 'जावईबापू, नातू खेळवायचं वय तुमचं!' म्हणलं, 'मावशी, बुद्ध बघायला!' 'मला शिकवता? बुद्ध अजिंठ्याला हाये!' म्हणलं हे बी मोत्याचंच वाक्य! म्हणती, 'तुम्हाला जायचं तर जा, पण माझी पोर मी घेऊन जाती. करमाडला तिच्यापुरती भाकर हाये.' अन् आमची भामा! पदर तोंडात कोंबून बसलेली. मी समजलो रडती. जवळ जाऊन बघतो तर हसून हसून लाल! मी ओरडलो, 'अगं सांग ना! अहो मावशी, भामाला घेऊनच चाललोय मी!' मावशीचं रडं गपकन बंद. भामाकडं वळली. 'तुला बी नेतो?… अन् तू जाती? लाज नाय वाटत?'

मंग मी भामाला म्हणलं, 'तुला ठाऊक होतं ना मावशीला काय वाटलंय? फोनवर सांगितलं काहून नाय?' तर म्हणती, 'लई दिसांत आली नव्हती. म्हणलं येऊ दे.'

तिथं माझं डोकं सटकलं. म्हणलं, आता काय ते जाहीर करून टाकू. रविवारी विहारात वंदना झाली, मी उभा राह्यलो. म्हणलं, 'उपासक-उपासिकांनो, आम्ही बँकॉकला चाललो ते धम्मयात्रा म्हणून. बुद्ध बघायला. कुणाच्या मनात काही असंल तर काढून टाका. ज्याला खात्री करायची त्यानं संगं यावं!'

हे शेवटचं वाक्य… अहो, शेवटचं वाक्य माणसानं बोलूच नाय! ब्रेक तिथंच मारावा!

पहिला हात मोतीरामचा. 'मी येतो! खात्री करायला!' मंग लीलाबाई, 'मला रस्ता माहितीये, मी पुढं राहती.' मंग मावशी, जी मुक्कामालाच होती, 'मी बी येती, पोरीवर लक्ष ठेवायला.' मंग या बाजूनं दोन हात, त्या बाजूनं चार हात… कुणी म्हणतंय आचारी संगं घ्या, तिकडं झुरळं खात्यात. कुणी म्हणतंय मला खिडकी. कुणी म्हणतंय इमान इथूनच जातं का, लासूरच्या पाव्हण्यांना मधी घेता आलं तर बघा! मोतीराम तर गळ्यात पिशवी असल्यासारखा फिरायला लागला, 'पुढं सरका, पुढं सरका, कोण राह्यलं?' अन् मला, तुम्हाला खरं सांगतो, बरं वाटलं. लई बरं वाटलं! म्हणलं आता कोण हसतंय बघू. एवढे साक्षीदार!

घरी आलो तर भामा बोलंना. मी म्हणलं, 'बघितलं, कसं तोंड बंद केलं सगळ्यांचं?' ती मेथी निवडत बसली होती. देठ अन् पानं एकातच टाकत होती, म्हणजे बघा. म्हणलं, 'काय झालं?' म्हणाली, 'काही नाय. जा तुम्ही समदे.' म्हणलं, 'अगं पण तुझ्यासाठीच…'

तव्हा ती बोलली. म्हणाली, 'लग्न झालं तव्हा तुमच्याच गाडीत बसून सासरी आले. तुम्ही पुढं, मी मागं, बायांच्या सीटवर. अतुल झाला तव्हा तुमच्याच गाडीत माहेराहून आले. तुम्ही पुढं, मी मागं. तुमच्या मानेवरचा घाम बघत बघत जिंदगी गेली माझी. कव्हा एकदा वाटायचं, हा माणूस शेजारी बसावा, अन् गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी.'

…

मेथी मी बी निवडायला लागलो. ड्रायव्हर माणूस मी. आमच्या डोक्यावर पाटीच लिहिलेली असती, 'चालकाशी बोलू नये.' ती पाटी बाईनं घरात बी पाळली हो! मला कळलंच नाय.

पुढच्या रविवारी परत उभा राह्यलो. म्हणलं, 'माफ करा मंडळी. यात्रा आपण पुन्हा कव्हा तरी काढू. आत्ता आम्ही दोघंच जाणार. मी अन् भामा.'

मला वाटलं आता लोक चिडणार, भांडणार, म्हणणार दाभाड्यानं शब्द फिरवला. चिडले असते तर बरं झालं असतं हो! बायांच्या बाजूनं एक आवाज आला, 'अगं बाई… दोघंच?' दुसरी म्हणाली, 'बँकॉकला?' तिसरी, 'ह्या वयात?' अन् लीलाबाई, पोक्त बाई, सगळ्यांना समजावून सांगायला लागल्या, 'जाऊ द्या गं. तव्हा ड्यूटीमुळं राहून गेलं असंल त्यांचं!' अन् मागून मोतीरामनं तोंडानं डबल घंटी मारली, 'टिंग टिंग! जाऊ द्या!'

म्हणजे आधी एकट्याची बदनामी होती, आता जोडीनं! मी म्हणलं, 'अहो, बुद्ध…' पण ऐकतंय कोण? अन् भामा? खाली मान घालून अशी लाजत होती, जशी काय मांडवातून उठून आली!

गेलो बाबा एकदाचे. विमानात ती खिडकीत, मी शेजारी. गाडी दुसऱ्याच्या हातात. अन् मला चैन कुठं? विमान उतरायला लागलं तसा मी पाय दाबला खाली, ब्रेकवर, असा घच्च! भामानं मांडीवर हात ठेवला, म्हणाली, 'राहू द्या. तो थांबवील.' थांबवलं त्यानं. बरं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी गेलो विहारात. अहो, काय ते… सांगता येत नाय मला. डोकं तिकडं, पाय इकडं, मधी खांब, लीलाबाईंचं खोटं नव्हतं. भामा सरळ पायांकडं गेली. तिच्यापेक्षा उंच पाय. चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. फोटो काढ म्हणलं तर नाय म्हणाली. लोक यायचे, फोटो काढायचे, जायचे, ही आपली उभी. लई वेळानं म्हणाली, 'किती चालले असतील हे पाय. एवढं चालल्यावर झोपावंच माणसानं.' मी तिच्या शेजारी हात जोडून उभा राह्यलो.

इथपर्यंत सगळं नीट हाये ना? हाये ना? इथं संपायला पाहिजे होतं. पण नाय!

बाहेर आलो, तर उभं राहून राहून भामाचे गुडघे धरले. बसली कट्ट्यावर. समोर एक पाटी, तिनं अक्षरं लावली, अन् म्हणती, 'अहो, इथं मसाज करून देत्यात.' मी कट्ट्यावरून उठलोच! म्हणलं, 'नाय! भामे, या गावात हा शब्द काढू नको!' म्हणती, 'अहो, विहाराच्या आवारात हाये!' अन् खरंच हो! त्या विहाराच्या आवारातच मालिशची जुनी शाळा हाये, मोठी नामांकित. मला काय ठाऊक? आत ओळीनं गाद्या, गाद्यांवर जगभरचे म्हातारे-म्हाताऱ्या कण्हत पडलेले. मला एक ढगळी चड्डी दिली, अन् आली एक मावशी. मावशी म्हणजे, तुम्हाला सांगतो, एस.टी.चं टायर एका हातानं बदलंल अशी! तिनं माझी पाठ दाबून बघितली, मान हलवली, दुसरीला बोलावून दाखवली. मंग गुडघा दिला पाठीत… आईऽऽ! इंजिनचा आवाज आला आतून! माझ्या मायनं लहानपणी मला एवढं हाणलं नव्हतं. मी बोंबलतोय, अन् शेजारच्या गादीवर आमची बाई पाय चेपून घेत हसून राह्यली, 'अहो, हळू ओरडा, बुद्ध झोपलेत!'

पण उठून उभा राह्यलो तर… सरळ! वर्षानुवर्षं स्टेअरिंगवर वाकलेला माणूस, एकदम सरळ! भामा खालून वर बघत म्हणती, 'अगं बाई, तुम्ही एवढे उंच होते?'

आलो घरी. दारात मोतीराम हजर. कोपऱ्यात घेतलं मला. 'सांड्या, आता खरं सांग. मसाज केला?' आता मी दर रविवारी पंचशील म्हणणारा माणूस. खोटं बोलणार नाय असं हात जोडून म्हणलेलं. काय करू?

म्हणलं, 'केला.'

त्याचे डोळे असे मोठे! 'कुठं?'

म्हणलं, 'विहारात.'

'अन् भाभी कुठं होती?'

म्हणलं, 'शेजारच्या गादीवर.'

तो तिथंच मटकन खाली बसला. रस्त्यावर. पोट धरून. अन् संध्याकाळपर्यंत मिलिंदनगर, उस्मानपुरा, तिकडं करमाडपर्यंत… खरं बोललो हो मी! एकेक अक्षर खरं! आता तर मी समजावून सांगायचंच सोडलं. तुम्ही बी हसताय, हसा. गावात नाव वाकडं झालं ते झालं… पाठ मात्र, हे बघा, बघा तरी, काठीसारखी सरळ!